बारा वाजून दहा मिनिटांचं ऊन

१

शहराच्या लष्कर भागातल्या त्या अरुंद जिन्याच्या वरच्या ऑफिसात गुरुवारी दुपारी शामला आपटेच्या टेबलावर एक लिफाफा येऊन पडला. आत विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र होतं आणि एक रंगीत फोटो. शामलानं आधी फोटो उचलला.

फोटोत लिफ्टचं दार होतं. दाराभोवती लग्नाच्या सजावटीची केशरी-पांढरी माळ. दाराच्या मधोमध लाल अक्षरांची पाटी लटकत होती : ‘लिफ्ट खराब है. प्रयोग न करें.’ आणि खाली कोपऱ्यात छापलेली तारीख, नऊ फेब्रुवारी, वेळ बारा वाजून दहा मिनिटं.

मागच्या वर्षी त्याच नऊ फेब्रुवारीला, दुपारी सव्वा वाजता, विजयाबाई जगदाळे त्याच दारातून दोन मजले खाली कोसळल्या होत्या. शहराच्या हजीरा भागातलं ते मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नाचं कार्यालय; भाचीचं लग्न. लिफ्ट जुनी, बाहेरचं दार हातानं ओढून उघडायची. विजयाबाईंनी दार ओढलं, ते उघडलं, त्यांनी पाऊल टाकलं, आणि आत लिफ्ट नव्हतीच. तीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवलेल्या बाईची कंबर आणि पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत होत्या.

गार्डनचे मालक मल्हारराव इंगळे यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता शामलानं. सगळा दावा एका वाक्यावर उभा होता : दारावर कसलीही सूचना नव्हती. आणि आता ही पाटी! पोलीस आले तोवर विजयाबाईंना बाहेर काढायच्या धांदलीत लोकांनी ते दार बिजागऱ्यांसकट उखडलं होतं, त्यामुळे पंचनामा पाटीबद्दल ना हो म्हणत होता, ना नाही.

सोमवारी साक्ष. मधे तीन दिवस.

तिनं लगेच विजयाबाईंच्या घरी फोन लावला. “काकू, पुन्हा एकदा आठवून सांगा. दारावर पाटी होती?”

एरवी त्या ताडकन ‘नव्हती’ म्हणायच्या. आज तो शब्द आला नाही.

“शामला,” त्या म्हणाल्या, “सगळेच म्हणतात होती. नात्यातले लोकसुद्धा म्हणायला लागलेत. आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय गं. मी खरंच पाहिली नसेन का?”

शामलानं फोन ठेवला. वकिलाला खोट्या विरोधकाची भीती वाटत नाही. आपल्याच पक्षकाराची शंका यायला लागली की मात्र झोप उडते.

इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. विजयाबाईंचा मुलगा समरजीत धापा टाकत आत आला. त्याच्या हातात पेनड्राइव्ह होता.

“ताई,” तो म्हणाला, “वाचलो आपण. पुरावा मिल गया!”

२

चित्रण वीस-बावीस सेकंदांचंच होतं. तीच लिफ्ट, तोच दुसरा मजला, दाराभोवती तीच माळ. बायकांचा एक घोळका हसत हसत समोरून जातो. दार स्वच्छ दिसतं. पाटी नाही.

“कोणी काढलं हे?”

“मीच. मोबाइलवर.” समरजीत तिच्याकडे न बघता म्हणाला. “विसरून गेलो होतो. प्रतिज्ञापत्रही करून आणलंय, नोटरीसुद्धा झाली. बस्, दाखल करायचं.”

शामलानं चित्रण पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. बरं वाटायला हवं होतं, पण मनात काहीतरी टोचत होतं. समरजीतची बहीण गरिमा मागोमाग आली होती, ती खांद्यावरून वाकून पाहत होती.

“अरे, मामींनी ही हिरवी साडी तर संगीतला नेसली होती,” गरिमा म्हणाली. “लग्नाच्या दिवशी त्या जांभळ्यात होत्या.”

शामलानं चित्र थांबवलं. लिफ्टच्या दाराला काटकोनात एक मोठी खिडकी होती. खिडकीच्या काचा काळ्याकुट्ट होत्या.

“समरजीत, काकू पडल्या तेव्हा भर दुपार होती. या खिडकीबाहेर अंधार आहे. हे आदल्या संध्याकाळचं आहे, आठ तारखेचं.”

समरजीतचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला. “तो क्या हुआ? आई खोटं बोलते का? पाटी नव्हती, हे सत्य आहे ना? ते लोक खोटा फोटो लावतात आणि आपण काय हात जोडून बसायचं?”

“फोटो खोटा आहे हे मला अजून माहीत नाही,” शामला म्हणाली. “पण तुझं प्रतिज्ञापत्र खोटं आहे, हे माहीत आहे. हे दाखल केलं असतं तर त्यांच्या वकिलानं पाच मिनिटांत खिडकीवर बोट ठेवलं असतं. मग काकूंचं खरंही कोणी ऐकलं नसतं. खरं सांग, हे तू काढलंस?”

तो खुर्चीत बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“नाही,” तो हातांआडून म्हणाला. “परवा एक माणूस घरासमोर भेटला. म्हणाला, त्या लग्नात केटरिंगला होतो, तुमच्या आईचं फार वाईट वाटतं. ‘माझं नाव नको, तुम्हीच मोबाइलवर काढलं असं सांगा.’ मी नावसुद्धा विचारलं नाही, ताई. मला वाटलं, देवानंच पाठवला.”

“देवानं पाठवला असता,” शामला म्हणाली, “तर नऊ तारखेचं चित्रण दिलं असतं.”

मग हे पाठवलं कोणी? आणि कशासाठी?

३

शुक्रवारी, तीन नोव्हेंबरला, शामला गरिमाला घेऊन प्रवासी टेम्पोनं हजीऱ्याला गेली.

आधी ती गार्डनची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कान्होजीला भेटली. हजीऱ्याच्या चौकाच्या आत लिफ्टदुरुस्तीचं त्याचं छोटंसं दुकान होतं, त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं. विषय कळताच त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

“वकीलसाहेब, दाराचं लॉक घिसलं होतं, हे मी जानेवारीतच सांगितलं होतं. लिफ्ट मजल्यावर नसली तरी दार उघडतं, म्हटलं. मालक म्हणाले, लग्नसराई झाल्यावर बघू.”

“हे कोर्टात सांगाल?”

“लेखी काहीच नाहीये. आणि त्यांच्या तीन इमारतींचं काम माझ्याकडे आहे.” त्यानं मान खाली घातली. “मला बुलावू नका. प्लीज.”

“पाटी पाहिली होती तुम्ही?”

“मी दहा तारखेला गेलो. तेव्हा दारच जाग्यावर नव्हतं. पाटी होती का नव्हती, झूठ क्यों बोलूँ?”

तिथून त्या गार्डनमध्ये गेल्या. मालक मल्हारराव पायऱ्यांवरच भेटले. पांढरी सफारी, जपून बोलणं. “नवरीच्या आत्याला माझ्या घरात लागलं, मला दुःख नाही का? पण पाटी असताना दार उघडलं तर आम्ही काय करणार? कुठेही बघा, काहीही विचारा. उमाजी, दाखव यांना.”

ज्याचं प्रतिज्ञापत्र होतं तो मॅनेजर उमाजी हाच. पन्नाशीचा, अतिनम्र. “चहा घ्याल ना, ताई? या, या. दुसरा मजला.” तो जिना चढताना सांगत राहिला : सकाळी अकराला लिफ्ट अडकली, त्यानं स्वतः पाटी लटकवली, पुढे भानगड नको म्हणून बारा दहाला फोटो काढला. ज्या मोबाइलवर काढला तो नंतर पाण्यात पडून खराब झाला. सुदैवानं फोटो आधीच मालकांना पाठवला होता.

“आणि ही माळ? त्या दिवशीचीच ना?”

“शंभर टक्के.”

पण वर जाताना शामलानं जिन्याखालच्या खोलीत डोकावलं होतं. तिथे कापडी फुलांच्या तसल्याच केशरी-पांढऱ्या माळांचे ढीग पडले होते. म्हणजे माळ कधीही लावता आली असती. पण लावली होती हे त्यानं कुठे सिद्ध होतं?

लिफ्टला आता नवं दार होतं. शामला त्याच्यासमोर उभी राहिली. त्या अंधाऱ्या पोकळीत पडणाऱ्या बाईची किंकाळी तिला ऐकू आल्यासारखी वाटली. गरिमा भिंतीला टेकून ओठ चावत होती. मोबाइलवर घेतलेला तो फोटो समोरच्या जागेशी ताडून पाहावा म्हणून शामलानं हात वर केला, पण पडद्यावर ऊन पडलं आणि काही दिसेना. ती एक पाऊल मागे सरली. तिथेही ऊन. आणखी एक पाऊल मागे गेल्यावर सावली मिळाली.

आणि ती तशीच थिजली.

तिनं हळूच घड्याळ पाहिलं. बारा वाजून आठ मिनिटं. समोरच्या फरशीवर, लिफ्टच्या दारासमोर, उन्हाचा एक लांबरुंद चौकोन पसरला होता. खिडकीपासून पार पाच-सहा फूट आतपर्यंत. मोबाइलमधल्या फोटोत तीच खिडकी होती, तीच फरशी होती. पण फरशी सावलीत होती. ऊन होतं ते फक्त खिडकीच्या कट्ट्यावर, बोटभर जाडीची पांढरी रेघ.

“काय झालं, ताई?” उमाजीनं मागून विचारलं. अगदी जवळून.

“काही नाही,” ती म्हणाली. मोबाइल खिडकीकडे वळवून तिनं फरशीही येईल असे दोन-तीन फोटो घेतले. “या खिडकीतून किल्ला छान दिसतो.”

“दिसणारच. समोरच आहे.”

हजीऱ्यातून किल्ला दक्षिणेला. म्हणजे खिडकी दक्षिणेची. एकच वेळ, एकच खिडकी आणि ऊन मात्र दोन ठिकाणी. पण आज नोव्हेंबर आहे, तो फेब्रुवारी होता. उद्या कोणी म्हणालं, ऋतू वेगळा म्हणून ऊन वेगळं, तर?

४

“फोटो खोटा आहे असं म्हणायची घाई करू नकोस,” माधवराव म्हणाले. “तो काय सांगतोय ते आधी ऐकून घे.”

माधवराव हे शामलाचे सासरे. एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. शामला त्यांना अप्पा म्हणायची. तिनं दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले होते, काल आलेला विरुद्ध पक्षाचा आणि आजचा तिचा.

“बावीस डिसेंबरला सूर्य सगळ्यांत खाली असतो,” ते म्हणाले. “दुपारी तिरपं ऊन खोलीत खोलवर घुसतं. त्याच्या मागे-पुढे सारख्याच अंतरावरचे दिवस घेतले तर सूर्य जवळपास तितक्याच उंचीवर. आता मोज. आजपासून बावीस डिसेंबर किती दिवस?”

तिनं बोटांवर मोजलं. “एकोणपन्नास.”

“आणि बावीस डिसेंबरपासून नऊ फेब्रुवारी?”

ती पुन्हा मोजायला लागली. डिसेंबरचे नऊ, जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे नऊ. “अप्पा! एकोणपन्नास!”

“मग नऊ फेब्रुवारीला त्या फरशीवर आजच्यासारखंच ऊन पडायला हवं. या फोटोत सूर्य जवळजवळ डोक्यावर आहे. हे मेचं, नाहीतर जूनचं ऊन आहे, सूनबाई. ढगाळ होतं म्हणावं, तर कट्ट्यावर ऊन दिसतंय.”

मे! दाव्याची नोटीस शामलानं मे महिन्यात पाठवली होती.

आनंदानं उठावं असं तिला वाटलं, पण उठवेना. हे कोर्टात पटेल? वकील हसतील, सूर्याला साक्षीला बोलावताय म्हणतील. आणि ते दुसरं कोडं तसंच होतं. आठ तारखेचं चित्रण समरजीतच्या हातात ठेवणारा माणूस कोण?

शनिवारी सकाळी तिनं समरजीतला आणि गरिमाला बोलावलं आणि ते चित्रण पुन्हा लावलं. या वेळी दाराकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही नाही. बायकांकडे पाहिलं. मामींच्या डोक्यावरचा गजरा वरून दिसत होता. भांग दिसत होते. घोळक्यामागच्या एका उंच माणसाचं टक्कल दिसत होतं.

“समरजीत, तू काय सहा फूट?”

“पाच अकरा.”

“स्टुलावर चढून काढलं असतंस तरी हात थोडा हलला असता. हे चित्र तसूभर हलत नाही. आणि यात आवाजही नाही.” तिनं कपाटातून मल्हाररावांचं लेखी उत्तर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “वाच.”

गरिमानं वाचलं. “‘दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा डिसेंबरपासून बंद असल्याने अपघाताचे चित्रण उपलब्ध नाही.’” तिनं मान वर केली. “ताई... हे कॅमेऱ्याचं आहे? त्यांच्याच?”

“आठ फेब्रुवारीला चालू असलेल्या कॅमेऱ्याचं. तुम्ही हे मोबाइलचं म्हणून द्यावं, त्यांनी अंधार दाखवावा आणि दावा कोसळावा, असा बेत होता. सापळा लावताना सापळ्यावर स्वतःचं नाव राहून गेलं.”

“कुणाचं नाव? मालकाचं?”

“ते सोमवारी कळेल. पण एक अट आहे.” ती समरजीतकडे वळली. “खोटं प्रतिज्ञापत्र बाजूला. नवं करायचं. हे तुला कोणी दिलं, तू काय खोटं बोलायला तयार झाला होतास, सगळं लिहायचं. भर कोर्टात लाज निघेल.”

समरजीतनं जुन्या प्रतिज्ञापत्राची घडी घातली.

“आईसमोर वाचून दाखवावं लागेल का?” त्यानं विचारलं.

“हो.”

५

सोमवारी कोर्टाची खोली भरलेली होती. मल्हाररावांचे वकील सदाशिवराव हे जुने, मुरलेले. विजयाबाई चाकाच्या खुर्चीत, गरिमाचा हात घट्ट धरून. समरजीतचं नवं प्रतिज्ञापत्र तिच्या फायलीतच होतं, बंद लिफाफ्यात. ते आधी दिलं असतं तर उमाजी सावध झाला असता.

“फोटो तुम्हीच काढला?” तिनं सुरुवात केली.

“होय.”

“नऊ फेब्रुवारी, बारा दहा. घड्याळ पाच-दहा मिनिटं चुकलं असेल?”

“नाही. बरोबर होतं.”

“त्या दिवशी ऊन होतं?”

“चांगलं कडक होतं.”

“फोटोत कुठे दिसतंय ते?”

उमाजीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. “खिडकीच्या कट्ट्यावर.”

“फरशीवर?”

“नाही.”

“त्यानंतर खिडकी बदलली? वर छज्जा वगैरे घातला, काढला?”

“काहीच नाही. तेव्हा होती तशीच आहे.”

शामलानं तीन नोव्हेंबरचे फोटो न्यायाधीशांपुढे ठेवले आणि सूर्याचं गणित सांगितलं. सदाशिवराव हसले. “साहेब, आता सूर्यनारायणाला समन्स काढायचं का?” खोलीत हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहत होते.

“पुढे बोला,” ते म्हणाले.

तिनं ते चित्रण लावलं. कोणी काढलं, कुठून आलं, काहीही सांगितलं नाही. “ओळखता ही जागा?”

“आमचाच दुसरा मजला.”

“हे संगीतच्या संध्याकाळचं, आठ तारखेचं आहे. मल्हाररावांच्या लेखी उत्तरात म्हटलंय, तिथला कॅमेरा डिसेंबरपासून बंद होता. मग हे आलं कुठून?”

“कॅमेऱ्याचं नाहीच ते!” उमाजी घाईनं म्हणाला. “यांच्या मुलानं काढलंय. मोबाइलवर.”

शामला एक पाऊल पुढे आली.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

उमाजीनं कठडा घट्ट धरला.

“समरजीतचं नाव मी घेतलं नाही. मोबाइलचं नाव घेतलं नाही. ‘तुम्हीच मोबाइलवर काढलं असं सांगा’ हे वाक्य निरोप्या सोडला तर मुळात दोनच माणसांना माहीत. ज्याला सांगितलं तो, आणि ज्यानं निरोप्याला पढवून पाठवलं तो.” तिनं लिफाफा उघडून न्यायाधीशांना दिला. “ज्याला सांगितलं, त्यानं इथे स्वतःची चूकही लिहून दिली आहे.”

सदाशिवराव उठून तो कागद बघायला पुढे आले. उमाजी साक्षीदाराच्या कठड्याला धरून मल्हाररावांकडे पाहत होता. मल्हारराव छताकडे पाहत होते. ते पाहून उमाजीच्या आत काहीतरी तुटलं असावं.

“मालक म्हणाले, पाटी होती हे सिद्ध करून दाखव,” तो म्हणाला. “होती का, हे त्यांनी विचारलंच नाही.”

“होती?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही, साहेब. मे महिन्यात रंगवून आणली.”

विजयाबाईंनी डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी तेवढ्यावर भागवलं नाही. पुढच्या फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, दुपारी बारा दहाला, कोर्टानं नेमलेला माणूस टेप घेऊन त्या खिडकीसमोर उभा राहिला. ऊन फरशीवर जवळजवळ सहा फूट आत आलं होतं. अपघाताच्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण मात्र मिळालं नाही. ते पुसलेलं होतं. ज्यानं पुसलं त्याच्याविरुद्धच ते धरलं गेलं. आणि कान्होजी? तो फेब्रुवारीतच एका सकाळी न बोलावता शामलाच्या जिन्यावर येऊन बसला होता. म्हणाला, जानेवारीत मी सांगितलं होतं, हे लिहून घ्या.

निकाल जुलैत लागला. दोष संपूर्णपणे गार्डनचा, विजयाबाईंचा कणभरही नाही. उमाजीवर खोट्या पुराव्याचा वेगळा खटला चालू झाला.

शामला निकालाची प्रत घेऊन जगदाळ्यांच्या घरी गेली. समरजीत दारातच उभा होता. तिला आत घेऊन तो स्वतः मात्र उंबऱ्यापाशीच रेंगाळला. भरपाईचा आकडा सांगायला शामलानं पान उलटलं, तर विजयाबाईंनी तिचा हात धरला.

“ते नंतर. माझ्याबद्दल काय लिहिलंय, ते वाच.”

शामलानं वाचलं. वादी महिलेचं कथन पहिल्या दिवसापासून एकच आणि विश्वासार्ह होतं, असं त्यात होतं.

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. विजयाबाई ऐकत होत्या. शाळेच्या मैदानावर निर्णय ऐकणाऱ्या खेळाडूसारखी त्यांची मान ताठ झाली होती. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

“समर, तिथे काय उभा आहेस? आत ये. आणि माझी ती निळी साडी काढ.”

“कुठे जायचंय, आई?”

“फूलबागेत. अडीच वर्षं होत आली, कुणी विचारेल ‘पाटी दिसली नाही का हो?’ या धाकानं मी घराबाहेर पडले नाही.” त्यांनी खुर्चीचं चाक स्वतःच दाराकडे वळवलं. “आज विचारू देत.”